डिकीच्या कुलपाला तूप-कुंकू

माणसाची लायकी त्याच्या गाडीच्या डिकीवरून कळते, असं माझं ठाम मत आहे. सुरतेत उभी हयात डिक्या उघडण्यात गेल्यामुळे ते आता बदलण्याची शक्यता नाही. गाडीचा पुढचा भाग सगळेच पुसतात. दिव्याला ओरखडा आला तर घरात दोन दिवस अबोला असतो. पण मागच्या कुलपाशी लोक ज्या पद्धतीने वागतात तसं कोणी भाडेकरूशीही वागत नाही. चावी अर्धीच घालून पिरगाळायची, नाही फिरली तर वरून बुक्की मारायची, तरी नाही फिरली तर पेचकस खुपसायचा, आणि मग माझ्या टपरीवर येऊन सांगायचं की सुकलालभाई, हे कुलूप पहिल्यापासूनच खराब होतं.

माझी टपरी उधना दरवाज्याजवळ एका टायरवाल्याच्या भिंतीला टेकून होती. आमच्या खान्देशातून सुरतेला उतरणारा माणूस सहसा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जातो. मी लूमवर का गेलो नाही आणि कुलपांचं काम कोणाच्या हाताखाली शिकलो, ती रडकथा इथे सांगत नाही. दिवाळी अंकात फराळाबरोबर वाचण्यासारखी ती नाही. मी सांगतो ती गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे, जेव्हा डिकी उघडायला चावीच लागायची आणि चावी अडकली की माझ्यासारख्याला हाक मारावी लागायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिकीच्या कुलपात एक गोल नळी असते, तिला आम्ही बॅरल म्हणतो. तिच्यात पितळेच्या पातळ पत्त्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पत्तीला इवलीशी स्प्रिंग. चावीचे दाते या पत्त्यांना कमीजास्त उचलतात. बरोबर चावी गेली की सगळ्या पत्त्या सारख्या होतात आणि बॅरल फिरते. चुकीची चावी गेली की एखादी तरी पत्ती बाहेर डोकावते आणि अडून बसते. त्या अडून बसणाऱ्या पत्त्यांमुळेच कुलपाला कुलूप म्हणायचं, नाहीतर ते नुसतं गाडीला पाडलेलं भोक.

आता सुरतेच्या हवेत धूळ आहे, लूमवरून उडणारा धाग्याचा भुगा आहे. तो त्या भोकात बसतो. त्यावर एखादा शहाणा खोबरेल तेल सोडतो आणि आत त्याचा चिकटा होतो. पत्त्या जागच्या जागी थिजतात. यावर खरा उपाय असा की बॅरल बाहेर काढावी, पत्त्या सुट्या करून रॉकेलमध्ये धुवाव्या, वाळवाव्या, झिजली असेल ती बदलावी, परत क्रमाने बसवाव्या आणि वर तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकावी. हे सगळं निवांतपणे करायचं काम आहे. आणि गिऱ्हाईक तेवढा वेळ डोक्यावर उभं राहून विचारत असतं की झालं का.

गिऱ्हाइकांचे मासले तरी किती सांगावेत. हजीऱ्याच्या एका कारखान्यातले आपले मराठी इंजिनिअर होते. त्यांची चावी तुटली. त्यांनी ती घरी गोंद लावून जोडली आणि गोंद ओला असतानाच कुलपात घातली. वर मलाच नाकाने कांदे सोलत सांगत होते की गोंद परदेशी होता. कतारगामचा एक हिऱ्याचा दलाल डिकीला जास्तीची दोन कुलपं बसवून घेऊन गेला, आणि पुढच्याच आठवड्यात मी त्याची गाडी बाजारात पाहिली तर तिन्ही चाव्या कुलपांना लटकत होत्या. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पाडव्याला, सगळी सुरत घारी ही माव्याची मिठाई खायला डुमसच्या रस्त्यावर जाऊन बसते. त्या दिवशी हमखास कोणीतरी घारीचा डबा आणि चावी दोन्ही डिकीत ठेवून वरून झाकण दाबायचं. मग सगळं खानदान सतरंजीवर हात चोळत बसलेलं असायचं आणि माझ्याकडे असं बघायचं की डिकी मीच बंद केली.

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे कांतीशेठ.

कांतीशेठची रिंग रोडवरच्या कापड मार्केटात साड्यांची पेढी होती, तिसऱ्या मजल्यावर. गाडी दुधी रंगाची अँबेसेडर. ती चालवायचा भिला, आमच्याच शिरपूरकडचा, सुरतेतल्या लिंबायत वस्तीत राहणारा. बोलायला कमी, गाडीला जपणारा, आणि शेठच्या पार्सलांना तर घरच्यासारखा जपणारा. शेठची एक श्रद्धा होती. व्यापारी माणूस धनतेरसला तिजोरीची पूजा करतो, आणि शेठचं म्हणणं असं की माल डिकीतून येतो-जातो, म्हणजे डिकी हीसुद्धा तिजोरीच. इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही. पण हा माणूस तुपात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन डिकीच्या झाकणाला न लावता थेट चावीच्या भोकात भरायचा, कारण लक्ष्मी तिथूनच आत जाते. वरून दोन अक्षता. तुपाला काही दिवसांनी घट्टपणा येतो, कुंकवाचा गाळ होतो आणि तांदळाचा दाणा पत्त्यांच्या मधे बसतो. दर वर्षी दिवाळीनंतर मला बोलावणं यायचं. मी बॅरल धुवायचो, रॉकेल लाल व्हायचं, आणि मी सांगायचो की शेठ, टिळा झाकणाला लावा, लक्ष्मीला वाट सापडेल. शेठ माझ्याकडे दयेने बघायचे.

एका वर्षी बोलावणं आलंच नाही. पुढे कधीतरी शेठ भेटले तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले की बारडोलीला पाहुण्यांकडे गेलो होतो, तिथे रस्त्यावरच्या एका कारागिराने चहा पिऊन होईपर्यंत कुलूप दुरुस्त करून दिलं, आता लोण्यासारखं चालतं, तू उगाच तासन्‌तास लावतोस. मी म्हटलं, एकदा बघू द्या. शेठ म्हणाले, चालतंय त्याला काय बघायचं. मीही मग नाद सोडला. अडकलेलं कुलूप लोण्यासारखं कसं होतं, याची एक वाट मला ठाऊक होती आणि ती ऐकून बरं वाटण्यासारखी नव्हती.

त्यानंतरच्या दिवाळीला मी गावी गेलो होतो. भाऊबीज करून परत आलो तर भिला माझ्या टपरीपाशी बसलेला. दाढी वाढलेली, अंगावर गाडीचा पांढरा शर्ट नाही. त्याने जे सांगितलं ते असं. शेठने पेढीवरची चांदीची लक्ष्मी उजळायला दिली होती. धनतेरसला ती सराफाकडून आणली, लाकडी पेटीत ठेवली, पेटी डिकीत ठेवली, डिकी बंद करून तूप-कुंकू भरलं. गाडी शेठच्या बंगल्याच्या आवारात उभी राहिली. दिवाळीच्या दिवशी सकाळी मार्केटात पूजेसाठी पेटी उघडली तर आत नुसतं लाल कापड. डिकीला चाव्या दोनच, एक शेठच्या खिशात आणि एक भिलाच्या. कुलूप फोडल्याची खूण नाही. मार्केटच्या फाटकात, हमाल, दलाल, शेजारचे पेढीवाले सगळे जमलेले असताना शेठने भिलाला चोर म्हटलं. लाभपाचमीपर्यंत, म्हणजे पेढी परत उघडायच्या मुहूर्तापर्यंत, मूर्ती आणून दे, नाहीतर पोलिसांत देतो, असं सांगून गाडीची चावी काढून घेतली.

ज्याने कधी दुसऱ्याची गाडी चालवली नाही त्याला यातलं गांभीर्य कळणार नाही. ड्रायव्हरकडे विकायला दोनच गोष्टी असतात, ब्रेकवरचा पाय आणि भरवसा. पाय शाबूत असून उपयोग नाही. लिंबायतमधून मार्केटच्या गाड्या चालवायला जाणारे पुष्कळ, त्यामुळे बातमी भिलाच्या आधी त्याच्या घरी पोचली होती. भिलाची बायको सार्वजनिक नळावर जायची बंद झाली होती. पोलिसांचं तर पुढचं पुढे, पण चोर हा शिक्का बसला असता तर त्याला सुरतेत कोणी सायकलचीही चावी दिली नसती. लाभपाचम दुसऱ्याच दिवशी होती.

भिला एवढंच म्हणाला, "मी चोर नही भाऊ. तू त्या कुलूपले इचार."

मला वेगळं जावं लागलं नाही. संध्याकाळीच शेठचा निरोप आला की लाभपाचमीला सकाळी बंगल्यावर ये, नवीन कुलूप घेऊन ये. मी गेलो. आवारात शेठ, त्यांचे दोन शेजारी, आणि फाटकाबाहेर भिला उभा. त्याला आत घ्यायची शेठची तयारी नव्हती. मी कुलूप बदलायला आलो आहे असं मला वाटत होतं, पण शेठना साक्षीदार हवा होता. त्यांनी शेजाऱ्यांसमोर मला विचारलं, "सुकलालभाई, साफ बोलो. तोडा नथी ने? चावीसे ही खुला ने?"

मी वाकून पाहिलं. पेचकसाची खूण नाही, कडेला ओरखडा नाही, भोकात यंदाचं तूप-कुंकू. मी म्हटलं, हो, फोडलेलं नाही, चावीनेच उघडलं आहे. शेठने शेजाऱ्यांकडे पाहिलं, शेजाऱ्यांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेरून भिलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते आणि अजून वाईट वाटतं, पण जे आहे ते आहे. मी म्हटलं, थांबा, माझं बोलून झालेलं नाही, आधी कुलूप उघडू द्या.

बॅरल बाहेर काढली, कागदावर पालथी केली. तुपाचा गोळा पडला, एक तांदूळ पडला, आणि एक झिजून गेलेली पत्ती पडली. एकच. बाकीच्या खाचा रिकाम्या. बारडोलीच्या त्या कारागिराने अडकलेल्या पत्त्या धुण्याचे कष्ट न घेता त्या उपटून फेकून दिल्या होत्या. आमच्या धंद्यात हे करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना गिऱ्हाइकंही पुष्कळ मिळतात. कुलूप लोण्यासारखं चालतं, कारण अडवायला आत कोणी शिल्लकच नसतं. मी शेठना म्हटलं, घरातली कुठलीही चपटी चावी आणा. ते हसले. मी म्हटलं, आणा तर खरं.

शेठाणी आतून चाव्यांचा एक जुडगा घेऊन आल्या. मी ती पत्ती आत ठेवून बॅरल परत तिच्या जागी बसवली, डिकी बंद केली आणि जुडग्यातली पहिली चावी घातली. फिरली. दुसरी घातली. तीही फिरली. एका शेजाऱ्याने स्वतःच्या स्कूटरची चावी काढून दिली, तिनेही उघडली. शेजाऱ्यांना या खेळात गंमत वाटू लागली होती. मला वाटलं आता शेठचा चेहरा पडेल, भिलाला आत बोलावलं जाईल. मीही इतकी वर्षं शेठ लोकांत वावरून कच्चाच राहिलो होतो.

शेठ शांतपणे म्हणाले, "तो पछी कोई पण खोली सके. कोई पण, एटले भिला पण."

कोणीही उघडू शकतं, म्हणजे भिलाही उघडू शकतो. शिवाय शेठ माझ्याकडेही जरा वेगळ्या नजरेने बघू लागले होते, कारण कोणीही या शब्दात कुलुपवालाही येतो. आपण स्वतः रस्त्यावर कुलपाचं वाटोळं करून घेतलं, याची त्या माणसाला काडीची खंत नव्हती. त्याला फक्त आपला चोर हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

एवढ्यात आतून काठीचा आवाज आला. शेठची आई, घरातली बा, भिंतीला धरून धरून ओट्यावर आल्या होत्या. त्यांना आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. शेठाणीने आणलेला जुडगा त्यांच्या कमरेचा होता आणि तो नजरेआड झालेला त्यांना खपत नसे. त्यांनी हात पुढे केला. शेठ त्यांना परत आत पाठवायला धावले, कारण मूर्ती गेल्याचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यांना ब्लडप्रेशर होतं. पण बांनी कागदावरचं कुंकू पाहिलं, उघडी डिकी पाहिली, आणि जुडग्यातली कपाटाची लहान चावी चिमटीत धरून म्हणाल्या, "आ चावी लागे छे. डिकी तो में ज खोलेली."

डिकी त्यांनीच उघडली होती. बा बोलत राहिल्या, आणि बोलल्या ते लेकाला झापायच्या सुरात. धनतेरसला दिवेलागणीच्या वेळी लक्ष्मीला गाडीत कोंडून ठेवतात का, हे तुझ्या बापाने केलं असतं का. त्यांच्या माहेरी धनतेरस ते लाभपाचम लक्ष्मी गव्हाच्या कोठीत बसते. म्हणून त्यांनी डिकी उघडली, मूर्ती काढली, पेटी तशीच ठेवली, आणि मूर्ती स्वतःच्या खोलीतल्या कोठीत गव्हात बसवून वर ताट झाकलं. चावी सहज लागली, म्हणून त्यांना वाटलं की ती सगळ्या घराचीच असेल. मग सांगितलं का नाही, असं शेठने कसंबसं विचारलं.

"मने कोईए पूछ्युं?" बा म्हणाल्या.

खरं होतं. शेठने हमालांना विचारलं होतं, सराफाला विचारलं होतं, शेजाऱ्यांना विचारलं होतं आणि भिलाला तर चारचौघांत विचारलं होतं. एकाच घरात राहणाऱ्या आईला विचारायचं तेवढं राहिलं होतं. शेठाणी आत गेल्या आणि गव्हाचे दाणे चिकटलेली लक्ष्मी पदरात घेऊन आल्या.

मला वाटलं आता तरी. शेठ हसले, शेजाऱ्यांच्या पाठीवर थापा मारल्या, घारीचं ताट मागवलं, एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. मग फाटकाकडे वळून, मूर्ती मिळाली म्हणजे जणू मधले दिवस झालेच नाहीत अशा आवाजात म्हणाले, "चालो, मळी गई ने. भिला, गाडी काढ."

भिला आत आला. घारी त्याने घेतली नाही, उपास आहे म्हणाला. मी नवीन कुलूप बसवलं, सगळ्या पत्त्यांसकट, पूड फुंकून. माझी एक पद्धत होती. नवीन कुलपाच्या दोन चाव्या मालक आणि ड्रायव्हर दोघांना समोरासमोर उभं करून द्यायच्या, म्हणजे पुढे शब्द फिरवायला जागा राहत नाही. एक शेठना दिली. दुसरी भिलासमोर धरली. त्याने हात पाठीमागे घेतले.

"दोन्ही शेठले दे," तो म्हणाला. "गाडी मी चलाडसू. पन मी आते त्या चावीले हात लावाव नही."

शेठ हसले आणि दोन्ही चाव्या खिशात टाकल्या. ड्रायव्हरचा राग किती दिवस टिकणार, असं त्यांना वाटलं असणार. पण भिलाचा राग टिकला. पार्सलं आली की हमाल गाडीपाशी उभे राहायचे, भिला दरवाज्यापाशी उभा राहायचा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गादीवरून शेठला उठून, जिने उतरून, उन्हात येऊन स्वतः डिकी उघडावी लागायची. माल भरून झाला की परत बंद करायला उतरायचं. मार्केटातली लिफ्ट चालू असल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. शेठनी मुनीमाला चावी देऊन पाहिली, पण मुनीम बरोबर नसताना व्हायचं तेच व्हायचं. दुसरा ड्रायव्हर ठेवावा, तर असा गाडी जपणारा मिळत नव्हता, आणि शेठला कुठली वस्तू किती कामाची आहे हे बरोबर कळायचं.

शेवटी शेठने मला मधे घातलं. एक चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, तुमच्या भाषेत त्याला समजाव. मी लिंबायतला गेलो. भिलाने मला बसवलं, चहा दिला, चावीकडे पाहिलंही नाही.

"जठे माले चोर म्हना, तठेच सांगाले लाव," तो म्हणाला. "मंग लेसू चावी."

मार्केटच्या फाटकात उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. भिला चोर नाही, मूर्ती घरातच होती. तेवढंच. मी शेठना निरोप दिला. शेठने फार विचार केल्यासारखा चेहरा केला आणि चावी माझ्या हातातून परत घेतली. एवढ्या मोठ्या पेढीच्या मालकाला एक वाक्य परवडेना, जिने परवडले. आणि धनतेरसला तूप-कुंकू भोकातच जात राहिलं, त्यात खंड नाही. मी दर वर्षी जाऊन धुवायचो. तेव्हाही शेठ स्वतः चावी घेऊन शेजारी उभे असायचे, घाम पुसत.

पुढे नव्या धर्तीच्या गाड्या आल्या आणि आमच्या धंद्याला उतरती कळा लागली. कुलूप दुरुस्त करायचं नसतंच आता, अख्खं काढून नवीन टाकतात. पत्ती बदलणारा माणूस लोकांना वेडा वाटतो. शेठनीही अँबेसेडर काढून नवी गाडी घेतली आणि मला मुद्दाम बोलावून दाखवली. मोठे खुशीत होते. या गाडीच्या डिकीला बाहेरून चावीचं भोकच नव्हतं. आतून एक खटका ओढला की झाकण आपोआप वर. शेठला वाटलं होतं की आता ही चावीची कटकट संपली, आणि मलाही क्षणभर तसं वाटलं. मग मी वाकून पाहिलं की खटका कुठे आहे.

खटका ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला होता, खाली, जमिनीला लागून.

त्यानंतर एकदा मी मार्केटात कामाला गेलो होतो. दुपारची वेळ, पार्सलं आलेली, हमाल खोळंबलेले. कांतीशेठ कठडा धरत तिन्ही जिने उतरून आले. गुडघे तोवर गेलेले होते. त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं, एक हात टपावर टेकवला, आणि ज्या फाटकात ते एक वाक्य बोलायचं राहिलं होतं त्याच फाटकात, हमाल-दलालांच्या देखत, भिलाच्या पायापाशी ओणवे होऊन खटका चाचपू लागले. भिला सीटवरून हलला नाही. त्याने फक्त पाय जरा बाजूला घेतला.